अन्य भाषा बोलता येत नाही, म्हणजे आत्मा मिळाला नाही का?

प्रश्न : आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत जवळजवळ सगळ्याच बहिणी अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं, न शिकलेल्या भाषेत बोलतात. माझ्या तोंडून ते शब्द कधी आलेच नाहीत. सभा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, 'तुला अजून पवित्र आत्मा मिळालेला नाही.' मी उपास केले, रडले. मंडळीतल्या आजाऱ्यांना डबे पोचवते, रात्री दवाखान्यात थांबते. पण हल्ली सभेला जायचीच भीती वाटते. माझ्या विश्वासात खोट आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, प्रभूच्या नावात सलाम. खोट तुमच्या विश्वासात नाही, तुम्हाला दिलेल्या शिकवणीत आहे.

बायबलमधला, प्रेषित पौलानं लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२वा अध्याय काढा. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे ज्याला त्याला कृपादानं, म्हणजे देवानं दिलेली वरदानं, वाटून देतो, असं पौल लिहितो आणि ३०व्या वचनात विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? आता २८वं वचन बोट ठेवून वाचा. निरोगी करणं, साहाय्य करणं, व्यवस्था पाहणं आणि सर्वांत शेवटी भाषा. तुमचे डबे, तुमची जागरणं त्या यादीतच आहेत, ताई! माझ्या ऑपरेशनच्या वेळी मंडळीतली एक बहीण रात्रभर उशाशी होती. सभेत ती कधी मोठ्यानं प्रार्थनाही करत नाही. ओला रुमाल माझ्या ओठांना लावता लावता तेविसावं स्तोत्र पुटपुटत होती. त्या रात्री मला धीर आला तो तिच्यामुळे.

पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली. पुढे तिथल्या काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी त्यांना अडवलं नाही. स्वतः रमाबाई मात्र तशा बोलल्या नाहीत आणि आत्मा मिळाल्याची तेवढी एकच खूण, असंही त्यांनी मानलं नाही. इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्या १९२२ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत खपल्या. त्यांना आत्मा मिळाला नव्हता, असं कोण म्हणेल?

अन्य भाषांना नावं मात्र ठेवू नका. पौल स्वतः बोलत असे. पण १४व्या अध्यायात त्यानं शिस्तही घालून दिली आहे : दोघांनी, फार तर तिघांनी, एकेकानं बोलावं आणि एकानं अर्थ सांगावा, सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. तुमच्या सभेत अर्थ कोण सांगतं? बाईंसमोर तो अध्याय ठेवून प्रेमानं विचारा. कुणी शब्द म्हणून दाखवले, तर नक्कल करू नका. तरीही त्रास थांबला नाही, तर पाळकसाहेबांच्या कानावर घाला.