गॅस दोनदा भरला, मग कंप्रेसर जळाला: वॉरंटी खरंच बाद होते का?

प्रश्न: मालवणजवळ आमची मासळीची छोटी खानावळ आहे. मी आणि माझे यजमान राबतो, हाताखाली दोन मदतनीस बायका आहेत. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून चार दारांचा स्टीलचा उभा फ्रीज घेतला, अर्धा फ्रीझर आणि अर्धा चिलर. किंमत 1,42,000 रुपये, पैकी 20,000 द्यायचे बाकी आहेत. त्यांच्याच माणसाने येऊन मशीन बसवलं. ऑगस्टमध्ये कूलिंग गेलं, तेव्हा ‘गॅस संपलाय’ म्हणून 4,200 रुपये घेऊन गॅस भरला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच, 4,500 रुपये. नोव्हेंबरमध्ये कंप्रेसरच जळाला आणि 27,000 रुपयांची सुरमई-कोळंबी फेकून द्यावी लागली. आता विक्रेता म्हणतो, स्टॅबिलायझर नव्हता, मशीन शेगडीजवळ आहे, जाळी तेलकट झालीय, त्यामुळे वॉरंटी बाद. नवा कंप्रेसर 19,500 रुपये. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही आणि बिलावर ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ छापलंय, असंही तो सांगतो. मशीन वर्कशॉपला न्यायला टेम्पो पाठवतो म्हणाला आहे. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी टेम्पोचं. मशीनची पाहणी होऊन त्याची नोंद कागदावर येईपर्यंत ते दाराबाहेर जाऊ देऊ नका. तुमचा सगळा दावा त्या जळालेल्या कंप्रेसरवर आणि त्याच्या शेजारच्या दोन वीत तांब्याच्या नळीवर उभा आहे. वर्कशॉपमध्ये नळी कापली, कंप्रेसर भंगारात गेला की उरेल फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द.

कारण नीट समजून घ्या, उद्या वकिलाला आणि आयोगाला हेच सांगायचं आहे. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ऑगस्टमध्ये भरलेला गॅस ऑक्टोबरमध्ये गेला, याचा अर्थ पहिल्या वेळी गळती शोधलीच नाही, नुसता गॅस टाकला. शिवाय अशा सीलबंद कंप्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड गॅसवरच गार राहते. गॅस कमी पडला की थर्मोस्टॅटला हवं ते तापमान मिळत नाही, कंप्रेसर न थांबता चालत राहतो, तापतो, आतलं तेल काळं पडतं आणि शेवटी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, जळतं. कमी व्होल्टेजनेही कंप्रेसर जळतो, हे खरं. पण तुमच्याकडे जळण्याआधी गॅस भरल्याच्या दोन पावत्या आहेत. ‘व्होल्टेजने जळाला’ असं म्हणणाऱ्याला त्या दोन पावत्यांचं उत्तर द्यावं लागेल.

म्हणून आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक बोलवा. विक्रेत्याला दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर कळवा, ‘अमुक दिवशी अमुक वाजता तपासणी आहे, तुमचा माणूस पाठवा’. तो आला नाही तरी तुम्ही बोलावलं होतं, ही नोंद राहते. मेकॅनिकने नळीच्या प्रत्येक जोडावर, विशेषतः फिल्टर ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारी छोटी नळकांडी) दोन्ही टोकांना, बॅटरीच्या उजेडात बघावं. गॅस सुटतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून नखाएवढा चिकट काळा डाग पडतो. तो डाग सापडला तर जवळून फोटो घ्या. तुमच्या हातातला सगळ्यात बोलका पुरावा तोच. डाग नसेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधता येते. त्याचा व्हिडिओ सलग घ्या, मध्ये तोडू नका. मशीनच्या आतली पाटीही टिपून घ्या: मॉडेल, सीरियल नंबर, गॅसचं नाव आणि वजन, व्होल्ट, अँपिअर, क्लायमेट क्लास (मशीन किती उष्ण हवेसाठी बनवलंय ते). पाटीवर आर-290 असेल तर तो प्रोपेन आहे, पेटणारा. तो पूर्ण मोकळा केल्याशिवाय कुणालाही नळी जोडायचा ज्योतीचा टॉर्च लावू देऊ नका.

आता त्यांच्या तीन आक्षेपांकडे.

शेगडीचा मुद्दा कागदावर वजनदार वाटतो, पण जागा कुणी ठरवली? त्यांचाच माणूस आला, त्यानेच मशीन उभं केलं, लेव्हल केलं, चालू करून दाखवलं. शेगडी तेव्हाही तिथेच असेल तर ‘इथे नको’ हे सांगण्याचं काम त्याचं होतं. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर जागेविषयी काही शेरा आहे का बघा. शेरा नसेल तर हा दोष त्यांच्या सेवेतला, तुमच्या वापरातला नाही. मशीन हलवण्याआधी शेगडीपासून जाळीपर्यंत टेप लावून, आकडा दिसेल असा फोटो काढा. मागची भिंत आणि वरची मोकळी जागा यांचंही माप घ्या. आधी मशीन हलवलं आणि मग माप घेतलं, तर तुम्हीच पुरावा पुसला असं म्हणायला ते मोकळे.

स्टॅबिलायझरचं तसं नाही, इथे कागद बघूनच बोलता येईल. वॉरंटी कार्डात किंवा माहितीपुस्तिकेत ‘स्टॅबिलायझर सक्तीचा’ असं लिहिलं असेल आणि ते पुस्तक तुम्हाला खरेदीच्या वेळी मिळालं असेल, तर तुमची बाजू कमी पडते. अट पैसे घेऊन झाल्यावर, मशीनबरोबर खोक्यात आली असेल, तर ती व्यवहाराच्या वेळी तुम्हाला सांगितलीच नव्हती, असा मुद्दा घेता येतो. दोन्ही बाबतींत महावितरणच्या शाखा कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि त्या महिन्यांत तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर कमी दाबाच्या तक्रारी होत्या का ते विचारा. पुरवठा 230 व्होल्टच्या 6 टक्के आतबाहेर, म्हणजे साधारण 216 ते 244 मध्ये असायला हवा. दुपारी आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, मशीनच्याच सॉकेटवर आठवडाभर रीडिंग घेऊन वहीत लिहा. त्याच लाइनवरचा तुमचा दुसरा फ्रीज किंवा पंप ठणठणीत असेल तर तेही नोंदवा.

जाळी तेलकट असणं ही मात्र तुमची कच्ची बाजू आहे आणि ती लपवू नका. खानावळीत पिठाची धूळ आणि फोडणीची वाफ कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या जाळीच्या, पात्यांवर थर करते, उष्णता बाहेर जात नाही आणि कंप्रेसरवर ताण येतो. किनाऱ्यावर खारा वारा त्यात भर घालतो, तो अॅल्युमिनियमची पाती खातो. पंधरा दिवसांतून एकदा मशीन बंद करून मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने ही साफसफाई व्हायला हवी. तरीही तेलकट जाळीमुळे दोन महिन्यांत गॅस उडून जात नाही. शिवाय ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा तंत्रज्ञ त्याच जाळीसमोर बसून गॅस भरत होता. त्याच्या जॉबशीटवर सफाईचा एक शब्द नसेल तर नोव्हेंबरमध्ये ती सबब काढणं अवघड जाईल.

आयोगात जाता येतं का? येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण त्याखालच्या स्पष्टीकरणात निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू पुन्हा आत घेतली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मशीन चालवायला एक-दोन मदतनीस घेतले म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं नाही. तुमची खानावळ यात बसते. मात्र हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात शपथेवर लिहा: आम्ही दोघे स्वतः राबतो, दोन मदतनीस आहेत, दुसरं उत्पन्न नाही. होमस्टे किंवा दुसरी शाखा असेल तर आताच वकिलाला सांगा, कारण समोरचा ते शोधून काढणारच. आयोगाने तुम्हाला ग्राहक मानलंच नाही, तर दिवाणी न्यायालय आहे. तिथे मुदत तीन वर्षांची आणि आयोगात प्रामाणिकपणे घालवलेला काळ लिमिटेशन (मुदतीच्या) कायद्याच्या कलम 14 खाली वजा करून मागता येतो.

‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ या छापील ओळीला घाबरू नका. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सिंधुदुर्गनगरीला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची. ती कंप्रेसर जळाल्यापासून न मोजता ऑगस्टमधल्या पहिल्या बिघाडापासून मोजा, म्हणजे वाद उरत नाही. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा, एकट्याला केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

मागायचं काय? ‘मशीन बदलून द्या’ ही एकच मागणी घेऊन जाऊ नका. उत्पादनातच दोष होता हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सिद्ध होत नाही आणि एक भाग जळाला म्हणून अख्खं मशीन बदलायला आयोग सहसा तयार होत नाही. मुख्य मागणी अशी ठेवा: नवा कंप्रेसर, नवा फिल्टर ड्रायर, गळतीची दुरुस्ती आणि गॅस, सगळं मजुरीसह फुकट, आणि गॅसचे घेतलेले 8,700 रुपये परत. हे जमत नसेल तर पर्यायी मागणी म्हणून दिलेली रक्कम परत. बहुतेक कार्डांवर कंप्रेसरची वॉरंटी लांब असते, पण गॅस आणि मजुरी वगळलेली असते. तुमचं मशीन पहिल्या वर्षातच बिघडलं आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाची पूर्ण वॉरंटी आधी वाचा.

मासळीचे 27,000 मागा, पण पुराव्यानिशी: बंदरावरच्या खरेदीच्या पावत्या, फेकण्याआधीचे फोटो, आतल्या थर्मामीटरचा आकडा, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा पंचनामा. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर आणि ताजा 5 अंशांखाली राहायला हवा, त्यामुळे थर्मामीटरचा फोटो असेल तर बरंच काम होतं. कूलिंग गेल्याचं कळल्यावर तुम्ही काय केलंत, हाही प्रश्न येईल. कंत्राट कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं ते पाहिलं जातं. बर्फ आणून माल थर्माकोलच्या पेट्यांत हलवला असेल तर त्या बर्फाचा खर्चही जोडा. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ प्रकरणाखाली मात्र हा दावा मांडू नका, धंद्यातलं नुकसान तिथल्या ‘हानी’च्या व्याख्येतून वगळलेलं आहे. वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी म्हणूनच मांडा.

बाकी 20,000 नुसते अडवून बसू नका. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 59 खाली वॉरंटीभंगाचं नुकसान किमतीतून वजा करून मागता येतं, पण ते नोटिशीत लिहून सांगा. मशीन बनवणाऱ्यानेच थेट विकलं असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागू शकतो. म्हणून लेखी आक्षेप आजच घाला.

नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा आणि सात दिवसांत दुरुस्ती न झाल्यास बाहेरून करून खर्च वसूल करू, असं तीत लिहा. हंगाम तोंडावर असताना आयोगाच्या निकालापर्यंत मशीन बंद ठेवणं परवडणारं नाही. सात दिवस गेले की दुरुस्ती करून घ्या, पण जुना कंप्रेसर, ड्रायर आणि कापलेली नळी पोत्यात बांधून, मेकॅनिकची सही-तारीख घालून, तुमच्याकडेच ठेवा. बिलावर नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्यूम, नवा ड्रायर आणि गॅसचं ग्रॅममधलं वजन लिहून घ्या. ज्या फोनवर तंत्रज्ञाचे मेसेज आहेत तो विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्याच फोनवरून तयार होईल.

विक्रेता ‘फुकट दुरुस्त करतो’ असं लेखी देऊन टेम्पो पाठवत असेल, तर तपासणी झाल्यावर मशीन द्या. मशीन नेल्याच्या डिलिव्हरी चलनावर सीरियल नंबर, ‘कंप्रेसर न उघडलेल्या अवस्थेत’, ‘वॉरंटीखाली विनामूल्य दुरुस्तीसाठी, जुने भाग परत करण्याच्या अटीवर’ असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या आणि मशीन उभंच न्यायला लावा. आडवं नेलं तर तेल नळ्यांत उतरतं आणि परत आल्यावर लगेच चालू केलं की नवा कंप्रेसरही बिघडू शकतो. परत आल्यावर 24 तास उभं ठेवूनच बटण दाबा.