दर आठवड्याला घरून ऑनलाइन वाजवतो. ऐकणाऱ्यांसोबत आमच्या अशा काही प्रथा तयार होतील का?

तुम्ही लिहिलंय की हार्मोनियमचं लाइव्ह करता, लोक येतात, ऐकतात आणि काही न बोलता निघून जातात. प्रथा नक्की रुजतात, पण त्या वादनाच्या मधे शोधू नका. त्या दोन टोकांना रुजतात.

प्रत्यक्ष बैठकीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, माना हलतात, ‘क्या बात है’ तिथल्या तिथे येतं आणि त्या दादेवर वाजवणारा पुढची सुरेल जागा घेतो. लाइव्ह मात्र श्रोत्यापर्यंत काही सेकंद उशिराच पोचतं. त्याची ‘वाह’ पडद्यावर उमटते तेव्हा तुम्ही तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा) संपवून पुढे गेलेले असता. म्हणून ऐकणाऱ्याला खरी जागा मिळते ती सुरू होण्याआधी आणि संपल्यावर.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पियानोवादक इगोर लेविटचं उदाहरण. कोरोनामुळे सभागृहं बंद झाली तेव्हा, १२ मार्च २०२० रोजी, त्याने बर्लिनमधल्या घरातून ट्विटरवर बेथोव्हेनचा ‘वाल्डस्टाइन’ सोनाटा वाजवला. पुढे अशा पन्नासहून अधिक गृहमैफली झाल्या. वेळ बहुतेक तीच, तिथले संध्याकाळचे सात. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे गेली आणि आपले साडेदहा झाले. फोन स्टँडवर, अंगात घरचे कपडे, जर्मन आणि इंग्रजीत दोन शब्द, की लगेच वादन. ध्वनी फोनवर येईल तसाच. त्याने यात झगमगाट आणला नाही, हे मला फार योग्य वाटतं. रोज तेच आणि तसंच घडत गेलं, म्हणून देशोदेशीच्या माणसांना आपली संध्याकाळ किंवा रात्र त्याभोवती बेतता आली. ३० मे २०२० रोजी तर त्याने फ्रेंच संगीतकार एरिक सातीची ‘व्हेक्सेशन्स’ ही पानभराची रचना लाइव्ह ८४० वेळा वाजवली, पंधरा तासांहून अधिक! वाजवताना वापरलेली तिची पानं काम गेलेल्या संगीतकारांच्या मदतीसाठी विकायला काढली.

अमेरिकेत डीजे डी-नाइसने मार्च २०२० मध्येच इन्स्टाग्रामवर रात्र-रात्र गाणी लावली. कोणी आलं की तो नाव घेऊन स्वागत करायचा. २१ मार्चला लाखाहून जास्त लोक जमले, मिशेल ओबामाही आल्या, तरी नावं पुकारणं चालूच. लंडनमध्ये गायिका सोफी एलिस-बेक्स्टर दर शुक्रवारी आपल्या स्वयंपाकघरात चमचमते कपडे घालून, पायात घुटमळणाऱ्या मुलांसकट गायची, आणि ऐकणारी कुटुंबंही आपापल्या घरी नटूनथटून नाचायची.

तुमच्यासाठी यातलं सर्वांत सोपं म्हणजे नाव घेणं. पहिली पाच मिनिटं त्यासाठीच ठेवा. ‘कोल्हापूरहून नमस्कार’ असं कोणी लिहिलं तर ते मोठ्याने वाचा, गेल्या वेळी त्यांनी काय विचारलं होतं तेही आठवून सांगा. पुढच्या खेपेला ते लवकर येतील आणि नव्या माणसाचं स्वागत तेच करतील. शेवट भैरवीने करत असाल तर ती कधी चुकवू नका. कोणती भैरवी, हे मात्र ऐकणाऱ्यांना ठरवू द्या. पाहणाऱ्यांचा आकडा कमी दिसला म्हणून वार किंवा वेळ बदलू नका. आणि रेकॉर्डिंग ठेवताना गप्पांचा भाग कापू नका. त्यात त्यांची नावं आहेत.