कंसातलं वाक्य

"ताई, मी ५८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. आम्ही अहिल्यानगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. ३१ वर्षं मी वही ठेवते: रोज किती अध्याय वाचले, उपास किती केले, चर्चला कमाईचा दशमांश किती दिला, सगळं तारखेनिशी. दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून स्वभावाने वाईट नाही, पण भक्तीला शिस्त नाही. पहाटेच्या प्रार्थनेला उठत नाही. बायबल मोबाइलवर वाचते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, शुक्रवारी ऑम्लेट खाल्लं, तेही माझ्यासमोर. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायलासुद्धा उठत नाही, माझ्याशेजारी बाकावर बसून राहते. (मी स्वतः नोव्हेंबरपासून घेत नाही, ते कारण वेगळं.) मंडळीतल्या बायका विचारतात. तिला मार्गावर कसं आणू?
– एक सासू"

ताई, ऑम्लेटचं राहू द्या. खाण्यापिण्यावरून कुणी तुमचा न्याय करू नये, असं प्रेषित पौलाने कलस्सैच्या मंडळीला पत्रात लिहून ठेवलंय. मोबाइलवरचं बायबलही बायबलच.

मी अडले ते तुमच्या कंसात. दशमांशाचा रुपया न् रुपया मांडणारी बाई नोव्हेंबरपासून प्रभुभोजन घेत नाही, आणि ती गोष्ट कंसात कोंबून पुढच्या वाक्याला लागते? सुनेच्या तक्रारींना तुम्ही अर्धं पान दिलंत. स्वतःच्या उपाशीपणाला एक ओळ.

नोव्हेंबरात काय घडलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी विचारणार नाही. कुणाला दुखावलं असेल तर जाऊन माफी मागा, त्यासाठी माझी परवानगी नको. पण मला दिसतं ते असं: काहीतरी झालं, तुम्ही ते वहीत टिपलंत, आणि त्यापुढे कितीही अध्याय वाचले तरी ती ओळ खोडली जाईना. मग जन्मभर मुलांना वर्गाबाहेर उभं केलेल्या बाईंनी या खेपेस स्वतःलाच बाहेर उभं केलं.

तुम्ही म्हणाल, पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. ठाऊक होतं मला. "अयोग्य प्रकारे" भाकर खाणारा दोषी ठरतो, हे वाक्य कितीतरी भल्या माणसांनी स्वतःच्या पाठीवर कोरड्यासारखं ओढून घेतलंय. बाई, तुम्ही व्याकरण शिकवलंत ना? मग बघा. मूळ ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे. तो खाण्याच्या रीतीबद्दल बोलतो, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. आणि करिंथात चाललं काय होतं, ते त्याच अध्यायात थोडं आधी दिलंय: जेवायला बसताना जो तो आपलंच अन्न आधी उरकायचा, एक भुकेला राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र. रागावलाय पौल तो त्यावर. स्वतःच्या पापाने जीव कासावीस झालेली बाई त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतीच.

बरं, लायकच माणसं हवीत तर पहिल्या प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या मेजाभोवती कोण होतं? लूकचा बाविसावा अध्याय काढा आणि क्रम बघा. आधी भाकर दिली, प्याला दिला, आणि त्यानंतर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. मग शिष्य पेत्राला सांगतो, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. ठाऊक असूनही त्याने ताट काढून घेतलं नाही.

मला तुमचा थोडा रागच येतोय, आणि तो सुनेवरून नाही. ३१ वर्षं तारण हे दान आहे असं तुम्ही शिकवत असाल, पाठ म्हणवून घेत असाल, "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे", आणि घरी येऊन त्याचे हप्ते भरत होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. एवढी विदुषी, पण पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की ख्रिस्ती धर्म तर हाती लागला होता, ख्रिस्त मात्र लागला नव्हता. त्यांना तिथवर पोचायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं लागली. तेव्हा तुम्हाला उशीर झाला म्हणून लाजायचं कारण नाही.

आता सून. तिच्या अपराधांची यादी मी पुन्हा वाचली आणि शेवटच्या कलमापाशी हसू आलं. पहाटे ती उठत नाही ती झोपेमुळे. पण प्रभुभोजनाला? सगळी मंडळी रांगेने पुढे जाते, गुडघ्यांवर येते, बाक रिकामा होतो, आणि त्या रिकाम्या बाकावर तुम्ही एकट्या उरता. तुम्ही एकट्या दिसू नये म्हणून ती पोर शेजारी बसून राहते, मला तरी हेच दिसतं. तुम्हाला कारण विचारत नाही, उपदेश करत नाही. बायका कुजबुजल्या तर दोघींबद्दल कुजबुजतील, एवढी सोय तिने करून ठेवलीय. आणि तुम्ही ते तिच्या खात्यात चूक म्हणून मांडलंत! कदाचित माझा तर्क चुकत असेल. तिला विचारून बघा. नोव्हेंबराआधी ती उठत होती का, हे तर तुम्हाला आठवत असेलच.

एकच काम सांगते. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी वही घरी ठेवून चर्चला जा. त्या आठवड्यात उपास जास्तीचा करू नका, पुण्य साठवून नेऊ नका. हात कसे पुढे करायचे हे तुम्ही संडे स्कूलच्या पोरांना शिकवलंच असेल: डावा तळहात खाली, उजवा त्यावर, दोन्ही उघडे. भाकर आपण उचलायची नसते, पाळक ती ठेवतात. पाळकांनी "या" म्हटलं की पाय जड होतील, तेव्हा सुनेला कोपराने ढोसा आणि म्हणा, "चल गं."

घरी आल्यावर नाश्त्याला काय करायचं ते तिला ठरवू द्या.