मोबाइल वापरून अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतंय. हे कार्पल टनेल असेल का?

तुम्ही लिहिलंय की रात्री आडवं पडून बराच वेळ मोबाइल बघता, हल्ली उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते आणि घरचे म्हणतात, नस दबलीये. मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण वर्णनावरून मला तरी हे कार्पल टनेल वाटत नाही.

कार्पल टनेलमध्ये मनगटातली नस दाबली जाते. त्यात दुखण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणा जास्त. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांना तो त्रास होतो, करंगळी सुटते. रात्री जाग येते आणि माणूस हात झटकत बसतो. उलट करंगळीच बधिर होत असेल, तर फोन धरताना कोपर किती वेळ दुमडलेलं असतं ते बघा; ती नस कोपरापाशी ताणली जाते.

तुमचं दुखणं बहुधा डी क्वेरव्हेन नावाच्या विकाराचं. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस सर्जननी १८९५ सालीच त्याचं वर्णन केलंय, म्हणजे ते मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे. अंगठा बाहेर नेणारे आणि सरळ करणारे दोन टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोरीसारखे पट्टे) मनगटाच्या कडेने एका अरुंद म्यानातून जातात. मोठा फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने स्क्रोल करताना अंगठा ताणलेला आणि मनगट करंगळीकडे कललेलं राहतं. टेंडन तिथे घासत राहतात, म्यान जाड होतं आणि दुखू लागतं.

पण सगळा दोष मोबाइलवर टाकू नका. बाळंतपणानंतरच्या मुलींमध्ये हे दुखणं खूप दिसतं. घरात त्यांना मोबाइलवरून बोलणी खावी लागतात; त्या दिवसभर बाळाला काखेत हात घालून कशा उचलतात, हे मात्र कुणी बघत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, हेही त्याच अंगठ्याच्या खात्यात जमा होतं.

फोन दोन्ही हातांत धरा किंवा स्टँडवर ठेवा, टाइप तर्जनीने करा. लांब मजकूर सरळ बोलून टाइप करा. मराठी जोडाक्षरांना तसंही जास्त वेळा बोट मारावं लागतं. पट्टा घ्यायचा तर अंगठ्यालाही आधार देणारा घ्या; साधा मनगटाचा पट्टा अंगठा मोकळाच सोडतो. जोरात चोळू नका. अंगठा मुठीत घेऊन मनगट वाकवायची चाचणी व्हिडिओत दाखवतात, ती पुन्हापुन्हा करू नका, त्याने दुखणं चिघळतं.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. म्यानात दिलेल्या स्टिरॉइड इंजेक्शनने बऱ्याच जणांना आराम पडतो, शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसला, तर तेवढे आठवडेही थांबू नका.