विजय कोणाच्या नावावर मांडायचा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकन फुटबॉलचे सामने एकत्र पाहताना आमच्या मित्रमंडळींत दर वेळी एकच वाद पेटतो. ज्याला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकता आला नाही, त्या डॅन मरिनोला थोर का म्हणायचे, असे एका गटाचे म्हणणे असते. तर जय-पराजयाचा हिशेब एकट्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या नावावर मांडणेच चूक आहे, असे दुसरा गट म्हणतो. आपले मत काय?

उत्तर : मी दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. मरिनोने १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्डांचे पास दिले आणि पाच हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच क्वार्टरबॅक ठरला. पण त्याचा मायामी संघ अंतिम सामना ३८-१६ असा हरला आणि त्याला पुन्हा तिथवर पोचता आले नाही. याउलट २००० च्या हंगामात बाल्टिमोरने क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरला घेऊन सुपर बोल जिंकला, कारण त्यांच्या बचावफळीने साखळीच्या १६ सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना अवघे १६५ गुण करू दिले होते. म्हणून डिल्फर मरिनोपेक्षा श्रेष्ठ ठरतो, असे आपला पहिला गटही म्हणणार नाही.

फेब्रुवारी २०२१ मधला टँपाचा अंतिम सामना मुद्दाम पुन्हा पाहावा. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचे कडेने रक्षण करणारे खेळाडू, दुखापतीमुळे बाहेर होते, त्यामुळे चेंडू हातात येताच त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला जीव घेऊन पळावे लागत होते. चौथ्या सत्रात तर तोल जाऊन तो जमिनीला समांतर झाला असताना त्याने चेंडू फेकला आणि तो थेट सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आदळला, पण झेलला गेला नाही. अशी फेक मी क्वचितच पाहिली आहे. तरी संघ एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवायचे गुण) न करता ३१-९ असा हरला.

अर्थात, क्वार्टरबॅक कोणीही चालतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे पेटन मॅनिंगला २०११ च्या संपूर्ण हंगामाला मुकावे लागले, तेव्हा आदल्या वर्षी दहा सामने जिंकलेल्या इंडियानापोलिसला दोनच सामने जिंकता आले. मात्र २००८ मध्ये टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तरी मॅट कॅसलला घेऊन न्यू इंग्लंडने सोळापैकी अकरा सामने जिंकले, कारण बाकीचा संघ भक्कम होता.

आपल्या पहिल्या गटाला मॅनिंगबद्दलच एक प्रश्न विचारून पाहा. पुढे २०१३ मध्ये डेन्व्हर संघाकडून त्याने ५५ टचडाउन पास देऊन विक्रम केला आणि सुपर बोलमध्ये संघ ४३-८ असा हरला. २०१५ च्या हंगामात साखळी सामन्यांत त्याचे टचडाउन पास नऊ होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास सतरा. त्या वर्षी मात्र बचावफळीच्या जोरावर डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. या दोन वर्षांपैकी मॅनिंग कोणत्या वर्षी अधिक चांगला खेळला?