सूनबाईचं हेल्थ कार्ड

प्रश्न: सूनबाई अमेरिकेत पॅड, तापाच्या गोळ्या सगळं हेल्थ अकाउंटच्या कार्डावर घेते, म्हणते टॅक्स वाचतो. खरं काय ओ? इकडं असलं काय आहे का? (एक सासूबाई, खानापूर)

उत्तर: खरंच आहे की! तिकडं पगारातनं टॅक्स कापायच्या आधीच पैसे एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) नाहीतर एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) ह्या औषधपाण्याच्या खात्यात जातात, आणि तिकडच्या २०२० च्या केअर्स कायद्यापासनं पॅड, टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप अन् मेडिकलातली साधी औषधं पण त्यातनं चालतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. टूथपेस्ट मात्र नाही हं. एफएसएतले उरलेले पैसे बरेचदा बुडतात, म्हणून वर्ष संपताना तिची खरेदी वाढली तर बोलू नका. आपल्याकडं असलं खातं नाही. इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममधे हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यावर सूट मिळते, गोळ्यांच्या बिलावर सहसा नाही (साठीच्या पुढच्यांना इन्शुरन्स नसेल तर मिळते). पॅडवरचा जीएसटी तेवढा जुलै २०१८ पासनं शून्य आहे, आणि जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड रुपयाला एक, ते बघा.