वाचकांचे प्रश्न : चाळिशीत ‘मानव विकास’ शिकताना

प्रश्न : वय ३९, सिन्नर तालुका. बारावी वाणिज्य २००४ साली झाले. सहा वर्षे खासगी बालवाडीत शिकवते. ‘मानव विकास आणि कुटुंब अभ्यास’ ही पदवी घेऊन समुपदेशक व्हायचे आहे. नोकरी सांभाळून जमेल का?

उत्तर : आधी समुपदेशकाचे बघू, कारण ही एकच पाटी वेगवेगळ्या दारांवर लागलेली असते. महाराष्ट्रात कौटुंबिक न्यायालयाच्या विवाह समुपदेशकाला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी हवी. ती मानव विकासाच्या, म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंतची माणसाची वाढ आणि कुटुंब यांच्या अभ्यासाच्या, पदवीवर मिळत नाही. शाळेत शिक्षक म्हणून जायचे तर बी.एड. आलेच, आणि तिथे अध्यापन पद्धतीचा विषय निवडताना ही पदवी घेतलेली मंडळी अडतात, कारण मानव विकास हा काही शाळेत शिकवला जाणारा विषय नव्हे. तेव्हा ज्या पदावर डोळा आहे त्याची मागच्या वर्षा-दोन वर्षांतली जाहिरात मिळवा आणि तिच्यातला शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद अक्षर न् अक्षर वाचा. महाविद्यालयाचे माहितीपत्रक त्यानंतर.

पदवी कुठे मिळते? मुंबईत एसएनडीटीचे जुहूचे गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, शेजारी बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तिथे तर विभागाचे नावच ‘मानव विकास आणि कुटुंब अभ्यास’ असे आहे. हे सगळे शिक्षण पूर्णवेळ, दिवसाचे. सिन्नरहून रोज जाऊन-येऊन जमणारे यातले एकही नाही.

अडते ते पुस्तकांपाशी नाही. वाचन रात्री होते, परीक्षा रजा टाकून देता येते. अडते प्रात्यक्षिकापाशी. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक. नियमाप्रमाणे तासिकेच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला ३०. म्हणजे चार क्रेडिटचे प्रात्यक्षिक १२० तासांचे. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला आठ तास. हे तास पाळणाघरात, बालवाडीत, वृद्धाश्रमात भरायचे, आणि त्यातल्या बालवाड्या तर बहुधा सकाळीच चालतात. तुमचीही बालवाडी तेव्हाच. प्रवेशाआधी विभागप्रमुखांना एकच गोष्ट विचारा : स्वतःच्या नोकरीच्या ठिकाणी केलेले प्रात्यक्षिक धरता का? होकार मिळाला तर तो लेखी घ्या. धरले तरी स्वतः शिकवत असलेला वर्ग बहुधा चालत नाही. दुसऱ्या बाईंच्या वर्गात बसून निरीक्षण करावे लागते.

निरीक्षणाची वही अनुभवी शिक्षिकांनाच जास्त अवघड जाते. सवयीने त्या ‘मूल हट्टी आहे’ असे लिहितात आणि गुण गमावतात. तिथे हवे असते : ‘१०.१५ ला ठोकळा तीनदा फेकला, चौथ्यांदा बाईंकडे पाहून थांबला.’ जे दिसले ते आधी, अर्थ नंतर आणि वेगळ्या रकान्यात.

तुमच्या परिस्थितीत आम्ही असे सुचवू : मुक्त विद्यापीठातून (नाशिकचे यशवंतराव चव्हाण किंवा इग्नू) बी.ए. करा, समाजशास्त्र ठेवा. जोडीला बालशिक्षणाची पदविका. इग्नूची बारावीनंतर, किमान एक वर्षाची आहे. दूरशिक्षणाने मानसशास्त्र देतो असे कोणी सांगू लागले तर पैसे भरू नका. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र, आहारशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणातून व ऑनलाइन शिकवणे बंद केले आहे. कमिशनवर काम करणारी ‘अभ्यास केंद्रे’ हे आपणहून सांगणार नाहीत.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त दिवस नावापायी जातात. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता ‘डेब आयडी’ (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, तो अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकावर निघतो आणि तो क्रमांक आधारवरच्या नावाने. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद मे महिन्यातच हाताशी ठेवा. खंड प्रमाणपत्र, म्हणजे इतकी वर्षे शिक्षण का थांबले याचे प्रतिज्ञापत्र, एका दिवसात होते.

प्रश्न : न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) आहे. मुंबईचे बी.कॉम. इथे ‘ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज’मध्ये पुन्हा बॅचलर्स करू का?

उत्तर : शिकायला एच-४ वर मुभा आहे, वेगळा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारची पेल ग्रँट ही शिक्षणासाठीची मदत तुम्हाला नाही : व्हिसामुळेही, आणि एक पदवी हातात असल्यामुळेही. आधी बी.कॉम.चे विषयवार मूल्यांकन करून घ्या. नुसते ‘पदवी समकक्ष’ असे सांगणारे स्वस्त मूल्यांकन क्रेडिट जोडायला उपयोगी पडत नाही. तिथली बॅचलर्स साधारण १२० क्रेडिटची, त्यातले ३० तरी त्याच विद्यापीठात करावे लागतात. विद्यापीठ मानत असेल तर ‘क्लेप’ची (वर्गात न बसता परीक्षेवर क्रेडिट देणारी योजना) ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट ही ९० मिनिटांची परीक्षा देऊन ५० गुणांवर तीन क्रेडिट सुटतात. आधी विचारा, मग फी भरा.

प्रात्यक्षिकाची अडचण तिथेही आहेच, वर व्हिसाची भर. कामाचा परवाना नसेल तर मानधन मिळणारी इंटर्नशिप स्वीकारू नका, रक्कम कितीही किरकोळ असो. शिवाय ही पदवी तुम्हाला थेरपिस्ट करत नाही. मॅरेज अँड फॅमिली थेरपीला मास्टर्स आणि राज्याचा परवाना लागतो. तेच अंतिम ध्येय असेल तर दुसरी बॅचलर्स कशाला? राहिलेले पूर्वविषय कम्युनिटी कॉलेजात उरका आणि थेट मास्टर्सला अर्ज करा.

प्रश्न : वय ४७, पुणे, पुरुष. हा विषय मला मिळेल का? उपयोग काय?

उत्तर : एसएनडीटी महिलांसाठी आहे, परभणी आणि बडोदा सर्वांसाठी. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या वर्गाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३; तो रस्ता बंद धरा.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचा रस्ता मात्र वय वाढल्यावरच उघडतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीसाठी वय ३५च्या वर लागते, आणि बाल न्याय कायद्यातल्या पात्र पदव्यांच्या यादीत ‘मानव विकास’ नावानिशी आहे. सोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव हवा. पदवीची वाट न पाहता या महिन्यापासून एखाद्या बालगृहात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत काम धरा. दर वर्षाअखेरीला संस्थेच्या लेटरहेडवर, तारखा आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र घेत चला. सात वर्षांनी एकदम मागायला गेलात तर तोवर सचिव बदललेले असतात.